धनुष्य, लाकडी : जतन व निगा

लाकडाच्या किंवा वेळूच्या एकाच कांबीपासून हाताने घडविलेले धनुष्य दीर्घकाळ टिकावे म्हणून त्याची साठवण, तपासणी, सफाई व दुरुस्ती यांबाबत घ्यावयाची काळजी. धनुष्य ही दिसावयास साधी वस्तू असली, तरी वाकविली असता ऊर्जा साठविणारी व सोडली असता ती क्षणात बाणास देणारी ती एक स्प्रिंग आहे. खुर्ची किंवा पेटी थोडी फुगली वा वाकली, तरी तिचा उपयोग संपत नाही. धनुष्याच्या बाबतीत मात्र लाकडातील पाण्याच्या प्रमाणात थोडासा पालट झाला, तरी त्याचा जोर, आकार व आयुष्य ही तिन्ही बदलतात. म्हणून धनुष्याची निगा म्हणजे मुख्यतः त्यातील ओलाव्याचे नियमन होय. दमट हवेच्या कोकणपट्टीत या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. प्रस्तुत नोंदीत रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहे या तालुक्यांची परिस्थिती मुख्यत्वे डोळ्यांपुढे ठेवली आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी : भोगावतीकाठचे पेण व कुंडलिकेकाठचे रोहे यांच्या आसपासच्या डोंगराळ भागांत कातकरी (काथोडी) व ठाकूर या आदिवासी जमातींच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. खैराच्या लाकडापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून कातकऱ्यांना त्यांचे नाव मिळाले. काथाचा धंदा मागे पडल्यावर कोळसा पाडणे, मोळी विकणे, मासेमारी व शेतमजुरी यांवर त्यांचा निर्वाह चाले. लहानसहान शिकारीसाठी तीरकमठा, गलोल व फासे ही त्यांची साधने होती. कमठा म्हणजे धनुष्य. तो घरीच किंवा वाडीतील एखाद्या जाणत्या माणसाकडून करून घेतला जाई.

अशा कमठ्याचे आयुष्य बेताचेच असे. तो मोडला, बसला किंवा त्याला घुण लागला, तर जंगलातून दुसरी काठी आणून नवा केला जाई. त्यामुळे एकच कमठा पिढ्यान्‌पिढ्या जपण्याचा प्रश्न सहसा उद्‌भवत नसे. जपले जाई ते कमठा करण्याचे ज्ञान. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर निर्बंध आले. रोहे व मुरुड तालुक्यांच्या सरहद्दीवरील फणसाडचे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. कमठ्याचा नित्याचा उपयोग संपला व त्याबरोबर नवा कमठा करण्याचे निमित्तही संपले. परिणामी आज एखाद्या घरात, शाळेत वा संग्रहात शिल्लक असलेला जुना कमठा ही सहज बदलून मिळणारी वस्तू राहिलेली नाही. वस्तू दुर्मिळ झाली, की तिची निगा राखणे हे सोयीचे काम न राहता कर्तव्याचे होते.

द्रव्य व घडण : धनुष्यासाठी लवचिक, सरळ धाग्याचे व गाठी नसलेले द्रव्य लागते. सह्याद्रीच्या परिसरात त्यासाठी मुख्यतः वेळूच्या जाती उपयोगी पडतात. त्यांपैकी मेस किंवा भरीव वेळू (लॅ. डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) हा जाड भिंतीचा व चिवट असल्याने अधिक चांगला, कळक (लॅ. बांबुसा बांबोस) उंच वाढतो, पण पोकळ असतो व त्याच्या फाळी काढून घ्याव्या लागतात. लाकडांमध्ये धामण (लॅ. ग्रेविया टिलिफोलिया) पूर्वीपासून प्रसिद्ध आहे, तिचे ‘धन्वन’ हे संस्कृत नावच धनुष्याशी असलेला तिचा संबंध दर्शविते. लवचिकपणामुळे तिचा उपयोग कावडीच्या दांड्या, वल्ही व हत्यारांचे दांडे यांसाठीही होतो.

धनुष्याच्या मधल्या भागास मूठ, दोन्ही अंगांस भुजा व टोकांस कोटी म्हणतात. नेमबाजाकडे असणारी बाजू म्हणजे पोट व त्याच्या विरुद्ध बाजू म्हणजे पाठ. दोरी ओढली असता पाठीवरचे तंतू ताणले जातात, तर पोटावरचे दाबले जातात. वेळूची बाहेरची साल ताण सहन करण्यास सर्वांत समर्थ असते. म्हणून ती पाठीच्या बाजूस ठेवतात व आतल्या बाजूने तासून भुजांना आकार देतात. निगा राखताना हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य असते. पाठीवर पडलेला बारीकसा ओरखडा हा पोटावरील मोठ्या खोकेपेक्षा अधिक घातक ठरतो, कारण ताणलेला तंतू तुटला की चीर तेथून वाढत जाते.

टिकाऊपणाची सुरुवात काठी तोडण्याच्या वेळीच होते. वेळूत पिष्ट (स्टार्च) व शर्करा यांचा साठा असतो व याच अन्नासाठी घुण त्यात शिरतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढविण्यासाठी हा साठा खर्ची पडतो. त्यामुळे पावसाळा संपताना व त्यानंतर लवकरच तोडलेला, तीन-चार वर्षांचा जून वेळू कमी किडतो. अग्निपुराणाच्या धनुर्वेदविषयक भागात शरद ऋतूत घेतलेल्या वेळूचे धनुष्य श्रेष्ठ म्हटले आहे, त्यामागे असाच अनुभव असावा. तोडलेली काठी काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याच्या पद्धतीनेही विद्राव्य शर्करा व काही पिष्ट निघून जाते. यानंतर ती सावलीत सावकाश वाळविणे आवश्यक असते. उन्हात घाईने वाळविलेली काठी तडकते.

ओलावा व लाकूड : लाकूड हे जलाकर्षक आहे. हवेतील आर्द्रतेनुसार ते पाणी शोषते किंवा सोडते आणि काही काळाने एका समतोल प्रमाणास पोहोचते. सर्वसाधारणपणे ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सु. ९ टक्के असते. ८० टक्के आर्द्रतेत ते सु. १६ टक्के, तर ९० टक्के आर्द्रतेत सु. २० टक्के होते. धनुष्यासाठी ८ ते १० टक्के प्रमाण उत्तम मानले जाते. पाणी याहून वाढले, तर तंतू मऊ पडतात, धनुष्याचा जोर उतरतो व ओढल्यावर ते पूर्वस्थितीस येत नाही. त्यास कायमचा बाक बसतो. प्रमाण ६ टक्क्यांच्या खाली गेले, तर लाकूड ठिसूळ होऊन ओढताना अकस्मात मोडते. २० टक्क्यांपलीकडे ओलावा दीर्घकाळ राहिल्यास लाकूड कुजविणाऱ्या बुरशीचा संभव असतो. पृष्ठभागावरील पांढरी-हिरवी बुरशी मात्र त्याहून कमी ओलाव्यातही धरते.

पेण-रोहे भागात वर्षाकाठी सु. ३,००० मिमी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात हवेची आर्द्रता पुष्कळ दिवस ९० टक्क्यांच्या जवळपास राहते. उलट, फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी ती बरीच खाली येते. धरमतर खाडीच्या बाजूस मिठागरे व खारे वारे यांची भर पडते. मीठ स्वतः पाणी ओढून घेत असल्याने त्याचा थर बसलेली वस्तू अधिक ओलसर राहते व बाणांची लोखंडी फाळे लवकर गंजतात.

केवळ ओलाव्यापेक्षाही ओल व कोरडेपणा यांचा आळीपाळीने होणारा फेरा अधिक हानिकारक असतो. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकांपैकी एक प्रसिद्ध जहाज १५४५ मध्ये बुडाले व १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यातून दीडशेहून अधिक लाकडी धनुष्ये मिळाली. समुद्रतळाच्या गाळात प्राणवायू न पोहोचल्याने ती सव्वाचारशेहून अधिक वर्षे टिकली. डेन्मार्कमध्ये होल्मेगार येथील दलदलीत सापडलेली एल्मच्या लाकडाची धनुष्ये तर हजारो वर्षांपूर्वीची आहेत. दुसऱ्या टोकास, ईजिप्तमधील तूतांखामेनच्या थडग्यात (शोध १९२२) अत्यंत कोरड्या हवेत धनुष्ये सुरक्षित राहिली. पूर्ण ओलावा व पूर्ण कोरडेपणा या दोन्ही स्थितींत लाकूड टिकले, कारण स्थिती बदलली नाही. कोकणात ती दरवर्षी बदलते. प्रत्येक फेऱ्यात लाकूड फुगते व आकसते, तंतूंमध्ये बारीक चिरा पडतात व त्यांतून कीड व बुरशी यांना वाट मिळते.

प्राचीन व पारंपरिक उपाय : शस्त्रांच्या साठवणीचा शास्त्रीय विचार भारतात फार पूर्वी झालेला आढळतो. कौटिलीय अर्थशास्त्रात (दुसरे अधिकरण) आयुधागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना शस्त्रांची जागा वारंवार बदलावी, त्यांना वेळोवेळी ऊन व वारा द्यावा आणि उष्णता, ओल व कृमी यांनी बिघडू लागलेल्या वस्तू वेगळ्या रीतीने ठेवाव्यात, असा दंडक घालून दिला आहे. त्याच प्रकरणात ताड, वेळू, लाकूड व शिंग यांपासून केलेल्या धनुष्यांचे प्रकार व मूर्वा, रुई, ताग इ. वनस्पतींच्या तंतूंपासून तसेच स्नायूंपासून केलेल्या दोऱ्या यांचाही निर्देश आहे. आजच्या संग्रहालयशास्त्रातही उष्णता, ओलावा व कीटक हीच सेंद्रिय वस्तूंच्या नाशाची प्रमुख कारणे मानली जातात.

मध्ययुगात शिंग, स्नायू व सरस यांपासून केलेली संमिश्र धनुष्ये उत्तरेकडून आली. ती लहान व जोरदार असत. परंतु दमट हवेत सरस मऊ पडून त्यांचे थर सुटत. एकाच कांबीच्या वेळूच्या धनुष्यात चिकटविलेला सांधा नसल्याने हा धोका राहत नाही, हे कोकणासारख्या प्रदेशात त्याचे महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

ग्रामीण घरांतील साठवणीची सर्वांत परिणामकारक जागा म्हणजे चुलीवरचा माळा. भाताचे बियाणे, सुकी मासळी, टोपल्या यांच्याबरोबर वेळूच्या वस्तूही तेथे ठेवल्या जात. या रूढीमागील तत्त्व सोपे आहे. २६° से. तापमानाची व ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा केवळ ५° से. ने तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सु. ६७ टक्क्यांवर येते. कारण गरम हवेची बाष्प धारण करण्याची शक्ती अधिक असते. त्यामुळे अशा जागी ठेवलेल्या लाकडातील पाणी २० टक्क्यांऐवजी सु. १२ टक्क्यांवर स्थिरावते. घराबाहेर मुसळधार पाऊस असतानाही चुलीच्या मंद उबेने हा फरक घडतो. धुरातील फिनॉल वर्गीय द्रव्यांमुळे कीटक व बुरशी यांनाही काही प्रमाणात प्रतिबंध होतो. तथापि पावसाळा संपल्यावर धनुष्य चुलीवरून हलविणे जरूर असते. अन्यथा कोरड्या ऋतूत ते वाजवीपेक्षा अधिक वाळून ठिसूळ होते.

ही व्यवस्था आता अनेक कारणांनी खंडित झाली आहे. पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात व पावसाळ्याच्या तोंडी परततात. या सहा-सात महिन्यांत घर बंद राहते, चूल थंड असते, वस्तू कुणी हाताळत नाही आणि घुण व वाळवी यांना मोकळे रान मिळते. दुसरीकडे, कारवीच्या कुडाच्या व कौलारू घरांच्या जागी पक्की घरे येत आहेत. त्यांत धुराची चूल नसते. आरोग्याच्या दृष्टीने ते इष्टच आहे. परंतु पावसात भिजणारी बाहेरची भिंत, पत्र्याखालची उन्हाळ्यातील उष्णता व बंद लोखंडी कपाट ही तिन्ही ठिकाणे धनुष्याला प्रतिकूल आहेत. म्हणून चुलीचे काम आता जाणीवपूर्वक अन्य उपायांनी करावे लागते.

साठवणीची पद्धत : धनुष्य ठेवण्यापूर्वी त्याची दोरी उतरविणे हा पहिला नियम होय. चढविलेल्या स्थितीत राहिलेल्या लाकडावर सतत भार असतो व तो सहन करीत ते हळूहळू त्याच आकारात स्थिरावते. ओलाव्यात ही क्रिया अधिक वेगाने होते. दोरी पूर्ण काढून टाकावयाची नसल्यास तिचा एक फास कोटीच्या खाचेतून सोडवून भुजेवर खाली सरकवून ठेवतात.

धनुष्य कोपऱ्यात उभे करून ठेवू नये. त्याचा भार खालच्या कोटीवर येऊन एक भुजा दुसरीहून अधिक वाकते व जमिनीची ओल टोकाच्या उघड्या तंतूंतून वर चढते. भुजांच्या मध्याजवळ येतील अशा दोन रुंद खुंट्यांवर ते आडवे ठेवणे सर्वांत चांगले. खुंट्यांना सुती कापड गुंडाळावे. खुंट्या बाहेरच्या भिंतीवर न ठोकता घराच्या आतल्या भिंतीवर, जमिनीपासून वर व छपरापासून पुरेशा खाली असाव्यात. भिंत व धनुष्य यांमध्ये हवा खेळती राहील इतके अंतर असावे.

वेष्टनासाठी धुतलेल्या सुती कापडाची सैल पिशवी योग्य असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत आतला ओलावा कोंडला जाऊन रात्रीच्या गारव्यात त्याचे थेंब बनतात. बुरशी लागण्याचे हे नेहमीचे कारण आहे. वर्तमानपत्रात गुंडाळणेही टाळावे, कारण असा कागद आम्लधर्मी असतो व कसर त्याकडे आकर्षित होते. घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावयाचे असल्यास सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात. मात्र त्या संपृक्त झाल्यावर तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात. कपाटात अगदी सौम्य उष्णता देणारा लहान तापक धनुष्यापासून दूर, तळाशी ठेवला, तर तो चुलीचेच काम करतो. वेखंडाचे तुकडे, कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा कापूर यांनी कीटक काही अंशी दूर राहतात. परंतु आत शिरलेला घुण त्यांनी मरत नाही.

लेप व तेले : कोणताही लेप लाकडात बाष्प जाणे पूर्णपणे थांबवीत नाही, तो केवळ त्याची गती कमी करतो. तरीही त्याचा उपयोग मोठा आहे, कारण एक-दोन दिवसांच्या दमट हवेचा परिणाम त्यामुळे आत पोहोचत नाही. वेळूच्या सालीत सिलिका व मेणासारखे द्रव्य असल्याने ती स्वभावतःच पाण्यास रोधक असते. म्हणून साल खरवडून काढू नये. तासलेले पोट, कडा व विशेषतः कोटीवरील आडवे छेद यांनाच संरक्षणाची गरज अधिक असते.

जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून सुकते व त्याचा चिवट पापुद्रा बनतो. ते अगदी पातळ लावून, जास्तीचे पुसून, एक थर पूर्ण सुकल्यावरच दुसरा द्यावा. दमट हवेत ते सुकत नसल्याने हे काम चैत्र-वैशाखात उरकावे. तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून त्या पसरून वाळवाव्यात. खोबरेल तेल सुकत नाही. ते धूळ धरते, कालांतराने खवट होते व बुरशीला आश्रय देते. लाखेचे रोगण दिसण्यास सुंदर असले, तरी पावसाळ्यात पांढरट पडते व वारंवार वाकणाऱ्या भुजांवर तडकते. तेलाचा थर सुकल्यावर मेण चोळून घासणे हा सोपा व गरजेनुसार पुन्हा करता येण्याजोगा उपाय आहे.

तपासणी व दुरुस्ती : वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी व न वापरल्यास वर्षातून किमान दोनदा धनुष्य उजेडात नीट पाहावे. कापसाचा बोळा पाठीवरून अलगद फिरविला असता जेथे त्याचे तंतू अडकतात, तेथे सल उठू लागली आहे असे समजावे. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्यास तेथील तंतू दाबाने चुरले आहेत असा अर्थ होतो. असे धनुष्य पुन्हा पूर्ण ओढू नये. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे व त्यांखाली पिठासारखी पिवळसर पूड ही घुणाची खूण होय. अशी वस्तू ताबडतोब इतरांपासून वेगळी करावी. वेळू पोखरणारे भुंगेरे (डायनोडेरस प्रजाती) एका वस्तूतून दुसरीत सहज जातात. नव्या काठ्यांवर टाकणखार व बोरिक अम्ल यांच्या द्रावाची प्रक्रिया प्रतिबंधक म्हणून करतात. जुन्या वस्तूवरील उपचार मात्र तज्ञाकडून करून घ्यावा.

पाठीवरील अगदी लहान सल सरस लावून दाबून बसवितात व त्यावर दोऱ्याचा घट्ट, एकाला एक लागून वेढा देतात. बसलेला बाक मंद आचेवर शेकून काही प्रमाणात काढता येतो. उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होते व गार होताना नव्या आकारात घट्ट होते. हे काम सरावाचे आहे; आच अधिक झाल्यास तंतू करपून धनुष्य कायमचे निकामी होते. दोरी ओढून बाण न लावता सोडणे कधीही करू नये, कारण बाणास मिळावयाची सर्व ऊर्जा अशा वेळी भुजांतच जिरते व त्या फुटतात. दीर्घकाळ न वापरलेले धनुष्य प्रथमच एकदम न ओढता थोडे थोडे ओढून सैल करावे.

दोरी व बाण : भिल्लांच्या धनुष्याला वेळूच्याच पातळ पातीची दोरी असते; इतरत्र ताग, अंबाडी किंवा केवणीच्या (मुरुडशेंगेच्या) सालीच्या वाकाची पिळलेली दोरी चालते. वनस्पतितंतूंची पिळलेली दोरी ओलाव्याने फुगून आखूड होते व दीर्घकाळ ओली राहिल्यास कुजते. तिला मेण चोळून धनुष्यापासून वेगळी, सैल वेटोळे करून ठेवावी. खाचेत बसणारे फास सर्वांत आधी झिजतात, म्हणून ते प्रथम तपासावेत. बाणांच्या काड्या आडव्या ठेवाव्यात. पिसांना कसर लागते, तर लोखंडी फाळांना तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. फाळाचा गंज काठीत उतरला, की लाकूड तेथेच तुटते.

वार्षिक क्रम : निगेची सर्व कामे ऋतुचक्राशी जुळवून घेतल्यास ती चुकत नाहीत. आगोटीच्या सुमारास, म्हणजे मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, घरोघर धान्य, मीठमिरची व सरपण यांची बेगमी होते. त्याच वेळी धनुष्य पुसून, लेप तपासून, दोरी उतरवून उबदार व कोरड्या जागी ठेवावे. पावसाळ्यात उघडीप मिळाल्यास ते काढून काही वेळ वारा द्यावा, परंतु ओढू नये. आश्विनातील खंडेनवमीस शस्त्रे व अवजारे काढून स्वच्छ करण्याची व त्यांची पूजा करण्याची परंपरा आहे. पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि साठवलेल्या वस्तूंवर त्याने काय परिणाम केला हे पाहण्याची तीच योग्य वेळ असते. धार्मिक रूढीत गुंफलेली ती वार्षिक तपासणीच म्हणता येईल. या दिवशी धनुष्याला हळदकुंकू वा फुले वाहिल्यास ती त्याच दिवशी काढून कोरड्या कापडाने पुसावे, कारण ओल्या फुलांचे डाग व ओल राहून जाते. त्यानंतर सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवून धनुष्य सावलीच्या जागी हलवावे. ज्या कुटुंबांना कामासाठी स्थलांतर करावे लागते, त्यांनी निघण्यापूर्वी अशी वस्तू राहत्या शेजाऱ्याकडे किंवा वाडीच्या शाळेत ठेवणे हितावह होय.

वापर व जतन यांतील भेद : वर सांगितलेले उपाय वापरातील धनुष्यासाठी आहेत. बांबूच्या धनुष्याने खेळल्या जाणाऱ्या ‘इंडियन राउंड’ या प्रकारामुळे नव्या धनुष्यांना भारतात आजही मागणी आहे व त्यांच्या बाबतीत तेल देणे, शेकणे, वेढा बदलणे योग्यच आहे. परंतु ऐतिहासिक किंवा मानवशास्त्रीय महत्त्वाचे जुने धनुष्य ओढून पाहू नये, त्यावर नवी दोरी चढवू नये व नवे तेल देऊ नये. हाताच्या घामाने काळवंडलेली मूठ, धुराचा थर, जुना वेढा व दुरुस्तीची खूण ही सर्व माहितीची साधने असतात. सफाईच्या उत्साहात ती नष्ट होतात. अशा वस्तूची मऊ ब्रशने धूळ काढणे व तिला स्थिर आर्द्रतेत ठेवणे एवढेच पुरेसे होय. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या (स्थापना १९६२) संग्रहालयात महाराष्ट्रातील आदिवासींच्या वस्तूंचे जतन केले जाते. लखनौ येथील सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा (स्थापना १९७६) जतनशास्त्राच्या क्षेत्रात काम करते.

वस्तूबरोबर तिची नोंद जपणेही तितकेच महत्त्वाचे असते. धनुष्य कोणत्या वाडीतील आहे, ते कोणी व कोणत्या झाडापासून केले, काठी कोणत्या महिन्यात तोडली, त्याच्या भागांना स्थानिक बोलीत काय म्हणतात, त्याने काय साधले जाई, या गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून ती वस्तूस सुती दोऱ्याने बांधावी. ही माहिती सांगू शकणारी माणसे आता वयोवृद्ध आहेत. काठी उत्तम रीतीने टिकली, पण ती कशी निवडावी व कशी तासावी हे सांगणारा कोणी राहिला नाही, तर जतन अपुरे ठरते. म्हणून जाणत्या कारागिराकडून तरुणांसमोर एखादे नवे धनुष्य करवून घेणे व त्या कृतीची पायरीपायरीने नोंद ठेवणे हा जुन्या धनुष्याच्या जतनाचाच एक भाग समजावा.